चुंबक जवळ आणला की ओएलईडीचा प्रवाह का बदलतो, आणि तो खात्रीने कसा मोजायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीत एमएस्सीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय ठरायचा आहे. ओएलईडीजवळ (सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून प्रकाश देणारा दिवा) साधा चुंबक आणला तर तिच्यातून जाणारा प्रवाह टक्का-दोन टक्के बदलतो असं वाचनात आलं. आत लोखंड नाही, निकेल नाही, जवळपास सगळा कार्बन आणि हायड्रोजन. मग चुंबक नेमकं धरतो कशाला? आणि कॉलेजच्या साधनांवर हे मोजता येईल का?

मोजता येईल. मात्र जे आकडे हाती येतील ते खरंच चुंबकीय क्षेत्रामुळे बदलले की ते क्षेत्र देणारी कॉइल तापल्यामुळे, हे ठरवण्यात प्रोजेक्टचा निम्मा वेळ जाईल. तो वेळ आधीच धरून चाला.

आधी कारण. चुंबक इलेक्ट्रॉनला ढकलतो, त्याची वाट वाकवतो, म्हणून रोध बदलतो, हे पाठ्यपुस्तकातलं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. ट्रिस-हायड्रॉक्सिक्विनोलीन ॲल्युमिनियम, ज्याला प्रयोगशाळेत एएलक्यू-३ म्हणतात, त्या ओएलईडीतल्या नेहमीच्या पदार्थात इलेक्ट्रॉनची चलनशीलता (विद्युतक्षेत्रात तो किती सहज सरकतो त्याचं माप) दर व्होल्ट-सेकंदाला १०⁻⁵ चौरस सेंटीमीटरच्या आसपास असते. वाट वाकल्यामुळे होणारा बदल चलनशीलता आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या वर्गाइतका असतो. १० मिलिटेस्लाला तो १०⁻²² निघतो, म्हणजे शून्यच. ऊर्जेच्या हिशेबानेही तेच. १० मिलिटेस्लामध्ये इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या (त्याच्या अंगच्या चुंबकीय गुणाच्या) दोन अवस्थांतलं अंतर १.१६ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि खोलीच्या तापमानाची उष्मा-ऊर्जा सुमारे २६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. फरक बावीस हजार पट. असं असूनही २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या गटाने पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरच्या डिव्हाइसमध्ये खोलीच्या तापमानालाच, अवघ्या १० मिलिटेस्लाला, १० टक्क्यांपर्यंत बदल मोजला.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटचं उदाहरण घ्या. फाटक पाडणारा माणूस एकाही गाडीला हात लावत नाही. फाटक हलवायला लागणारी ताकद आणि रस्त्यावरच्या ट्रकची ताकद यांची तुलनाच नाही. तरी दोन मिनिटांत रांग कुठवर जाते ते बेळगावकरांना ठाऊक आहे. चुंबकीय क्षेत्र इथे फाटकाचं काम करतं. विजेच्या कणांना ते ताकद देत नाही, कोणत्या जोडीला वाट मिळेल ते ठरवतं.

जोडी कसली? ओएलईडीत एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन कणासारखी वागते) आत येतात आणि रेणूवरून रेणूवर उड्या मारत एकमेकांजवळ पोचतात. एक इलेक्ट्रॉन आणि एक होल शेजारच्या रेणूंवर येऊन थबकले की त्यांच्या स्पिनची जोडी होते. ही जोडी चारपैकी एका अवस्थेत असते: एक सिंगलेट, जिथे दोन्ही स्पिन एकमेकांना रद्द करतात, आणि तीन ट्रिपलेट, जिथे ते रद्द होत नाहीत. सिंगलेट जोडी आणि ट्रिपलेट जोडी यांचं पुढे काय होतं, त्या एकत्र विझतात की पुन्हा सुट्या होऊन प्रवाहात सामील होतात, याचे वेग वेगवेगळे असतात. सारा खेळ या वेगांच्या फरकात आहे.

आता जोडीतले दोन स्पिन म्हणजे दोन भोवरे असं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भोवरा आपल्याच रेणूवर फिरतो आणि त्या रेणूवर हायड्रोजनची केंद्रकं आहेत. एएलक्यू-३ च्या एका रेणूत १८ हायड्रोजन आहेत. प्रत्येक केंद्रक स्वतः एक बारीक चुंबक असतं. ती सगळी वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेली असतात आणि त्यांची बेरीज प्रत्येक रेणूवर वेगळ्या दिशेचं, काही मिलिटेस्लाचं स्थानिक क्षेत्र तयार करते. यालाच हायपरफाइन क्षेत्र म्हणतात. दोन भोवरे दोन वेगळ्या उतारांवर डुलू लागले की त्यांचा मेळ सुटतो: सिंगलेट जोडी ट्रिपलेट होते, ट्रिपलेटची सिंगलेट. इलेक्ट्रॉनचा स्पिन दर मिलिटेस्लाला २८ मेगाहर्ट्झने डुलतो, म्हणजे ५ मिलिटेस्लाच्या स्थानिक क्षेत्रात एक फेरी सात नॅनोसेकंदांत पुरी. सिलिकॉनमध्ये इतका वेळ दोन कण शेजारी टिकतच नाहीत. सेंद्रिय पदार्थात उड्या सावकाश पडतात, म्हणून टिकतात. एरवी ज्या मंदपणाबद्दल आपण या पदार्थांना नावं ठेवतो, त्यानेच हा परिणाम शक्य होतो.

बाहेरून हायपरफाइनपेक्षा मोठं क्षेत्र लावलं की दोन्ही भोवरे एकाच आसाभोवती डुलू लागतात. तीनपैकी दोन ट्रिपलेट अवस्था ऊर्जेने बाजूला सरतात आणि सिंगलेटची अदलाबदल मधल्या एकाच ट्रिपलेटशी उरते. सिंगलेट-ट्रिपलेटचं प्रमाण बदलतं, आणि त्यामागून प्रवाहही बदलतो. हायड्रोजनबद्दलचं हे म्हणणं नुसता तर्क नाही. २०१० साली युटा विद्यापीठात एका पॉलिमरमधला हायड्रोजन काढून ड्युटेरियम घातलं, ज्याच्या केंद्रकाचा चुंबकीय जोर बराच कमी. क्षेत्राबरोबर होणाऱ्या बदलाचा आलेख तेवढ्याने अरुंद झाला. कार्बन यात जवळपास भाग घेत नाही, कारण कार्बन-१२ च्या केंद्रकाला स्पिनच नाही आणि कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्के. इरिडियम किंवा प्लॅटिनम असलेले प्रकाश देणारे पदार्थ मात्र या प्रयोगाला निरुपयोगी. जड अणूंमध्ये स्पिन-कक्षा जोड (स्पिन आणि कक्षेतली गती यांचा परस्पर परिणाम) इतका जोरदार असतो की हायपरफाइनला काम करायला वेळच मिळत नाही.

जोड्यांचं प्रमाण बदलल्यावर प्रवाह कोणत्या मार्गाने बदलतो, यावर एकमत नाही आणि ते एका आलेखावरून ठरतही नाही. इलेक्ट्रॉन-होल जोड्या सुटण्याचा वेग हा एक मार्ग. दुसरा बायपोलारॉनचा: एकाच जातीचे दोन कण एका रेणूवर बसायचे तर त्यांचे स्पिन विरुद्ध हवेत, सारखे असतील तर वाट अडते, आणि अशी अडलेली वाट बहुधा प्रवाह घटवते. तिसरा, दीर्घकाळ टिकणारे ट्रिपलेट एक्सायटॉन (एकाच रेणूवर बांधलेली इलेक्ट्रॉन-होल जोडी) वाटेतल्या कणांशी टक्कर घेतात. माझ्या मते एमएस्सीच्या प्रोजेक्टने यात निवाडा द्यायचा आग्रह धरू नये. आलेखाची रुंदी आणि चिन्ह (प्रवाह वाढतो की घटतो) नीट मोजलं तरी काम भक्कम होतं.

आणखी एक गोंधळ होतो. २००४ सालीच एएलक्यू-३ च्या दोन्ही बाजूंना चुंबकीय इलेक्ट्रोड लावलेल्या स्पिन-व्हॉल्व्हवरही (इलेक्ट्रोडच्या चुंबकत्वाच्या दिशेनुसार रोध बदलणारं डिव्हाइस) काम प्रसिद्ध झालं. तिथे ११ केल्विनला ४० टक्के बदल आहे. ती गोष्ट निराळी, तिला चुंबकीय थर आणि अतिथंड तापमान लागतं. आपल्या डिव्हाइसमध्ये चुंबकीय थर एकही नको.

आता कॉइल. कॉलेजमध्ये हॉल परिणामाच्या प्रॅक्टिकलसाठी लोखंडी गाभ्याचा इलेक्ट्रोमॅग्नेट असतो आणि पहिला मोह त्याचाच होतो. तो वापरू नका. प्रवाह बंद केल्यावरही गाभ्यात काही मिलिटेस्ला क्षेत्र शिल्लक राहतं, आणि आपला सारा आलेख तेवढ्याच पट्ट्यात आहे. तुमचा शून्य शून्य राहणार नाही. इलेक्ट्रॉनच्या e/m (प्रभार-वस्तुमान गुणोत्तर) प्रॅक्टिकलची हेल्महोल्ट्झ कॉइल, म्हणजे समोरासमोरच्या दोन सारख्या कॉइलची जोडी, तीही पुरत नाही: १३० फेरे, १५ सेंटीमीटर त्रिज्या, अँपिअरला ०.७८ मिलिटेस्ला. दोन अँपिअरला जेमतेम दीड मिलिटेस्ला मिळेल आणि पूर्ण परिणामाच्या आठ-नऊ टक्केच दिसतील.

म्हणून जोडी स्वतः गुंडाळून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणी-चिकोडीत पंपाच्या मोटरी रिवाइंड करणारा कोणीही कारागीर एका दिवसात करून देईल. शेतातल्या १२५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, बाजूंना प्लायवूडच्या चकत्या, एका कॉइलच्या दोन चकत्यांमधली जागा २० मिलिमीटर. १८ गेजची इनॅमल तांब्याची तार, एका थरात १५ फेरे, २० थर, म्हणजे एका कॉइलला ३०० फेरे. सरासरी त्रिज्या साडेसात सेंटीमीटर येते आणि दोन कॉइलच्या मध्यांत अंतरही साडेसात सेंटीमीटरच ठेवायचं. अशा जोडीतून अँपिअरला ३.६ मिलिटेस्ला मिळतात, तीन अँपिअरला १०.८. तार जवळपास ३ किलो लागते, जोडीचा रोध ४.२ ओम, तीन अँपिअरला साडेबारा व्होल्ट आणि ३७ वॉट उष्णता. उष्णतेचा हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे लागेल. बैठक लाकडाची, स्क्रू पितळी. लोखंडी अँगलच्या टेबलावर मांडणी करू नका.

क्षेत्र मोजायला एसएस४९५ए हा हॉल सेन्सर स्वस्त आणि पुरेसा आहे. गॉसला ३.१२५ मिलिव्होल्ट, म्हणजे मिलिटेस्लाला ३१.२५, मर्यादा दोन्ही दिशांना ६७ मिलिटेस्ला. त्याचा स्वतःचा शून्य तापमानाने सरकतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी कॉइल बंद करून तो नोंदवा.

डिव्हाइसबद्दल. आयटीओ (पारदर्शक वाहक थर) असलेली काच, १० ते १५ ओम प्रति चौरस. साबण, डीआय (आयनमुक्त) पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी १०-१५ मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये. त्यावर पेडॉट-पीएसएस हा वाहक पॉलिमर सुमारे ४० नॅनोमीटर, १२० ते १५० अंशांवर वीसेक मिनिटं भाजून. मग होल वाहून नेणारं टीपीडी किंवा एनपीबी ५० नॅनोमीटर, एएलक्यू-३ ६० नॅनोमीटर सेकंदाला १ ते २ अँगस्ट्रॉम वेगाने, लिथियम फ्लोराइड एक नॅनोमीटरपेक्षा कमी, शेवटी ॲल्युमिनियम १०० नॅनोमीटर. निर्वात १०⁻⁶ मिलिबारच्या घरातला हवा. पिक्सेल २ मिलिमीटर बाय २ मिलिमीटर पुरे, मोठा केला तर सूक्ष्म छिद्रं आणि शॉर्ट वाढतात.

आपल्या भागात खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरकडे, हवेतला ओलावा असा असतो की पेडॉट हवेतून पाणी ओढतं आणि उघडं डिव्हाइस काही तासांत काळ्या ठिपक्यांनी भरतं. थर चढवायचं काम दिवाळीनंतर ठेवा. थर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे किंवा दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत चढवून घेणार असाल तर काचेचं झाकण इपॉक्सीने तिथेच ग्लव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) चिकटवून घ्या. निपाणीपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरच्या एसटी प्रवासाला निळ्या सिलिका जेलची घट्ट बरणी हवी. जेल गुलाबी पडलं की बदला.

मोजण्याआधी डिव्हाइस निरोगी आहे का ते पाहा. अधिक ५ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्टच्या प्रवाहांचं गुणोत्तर किमान हजार हवं. पन्नास-शंभरच येत असेल तर आत गळती आहे. गळतीचा प्रवाह साध्या तारेसारखा वाहतो, त्यावर क्षेत्राचा परिणाम होत नाही, आणि तो खरा परिणाम पातळ करतो. "आमच्याकडे परिणाम दिसलाच नाही" असं जिथे होतं तिथे सगळ्यात आधी ही गळती तपासावी.

सोर्समीटर (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं उपकरण) असेल तर उत्तम. नसेल तर ४.०९६ व्होल्टचा संदर्भ देणारा रेफ५०४० चिप बॅटरीवर चालवा आणि डिव्हाइसच्या ओळीत १ किलोओम मेटल-फिल्म रोध जोडा. मेन्सवरचा साधा पुरवठा नको. गावात पंप चालू-बंद झाले की व्होल्टेज हलतं, आणि या डिव्हाइसचा प्रवाह व्होल्टेजच्या आठव्या-दहाव्या घाताने वाढतो. ४ व्होल्टमध्ये १ मिलिव्होल्टची हालचाल म्हणजे प्रवाहात पाव टक्का. ५० मायक्रोअँपिअरला १ किलोओमवर ५० मिलिव्होल्ट पडतात, एक टक्का बदल म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट. एडीएस१११५ हा १६ बिटचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा चिप) ±०.२५६ व्होल्टच्या पट्ट्यावर ७.८ मायक्रोव्होल्टची पायरी देतो, म्हणजे तो बदल ६४ पायऱ्यांत दिसेल. सेकंदाला ८ वाचनं घ्या आणि आठांची सरासरी करा. एक सेकंद म्हणजे ५० हर्ट्झची नेमकी ५० आवर्तनं, मेन्सची गुणगुण बरीचशी गळते.

ओळीतल्या रोधाची एक किंमत मोजावी लागते. प्रवाह वाढला की रोधावर जास्त व्होल्टेज पडतं आणि डिव्हाइसला कमी मिळतं. वरच्या आकड्यांत खरा १ टक्का ०.८९ टक्का दिसतो. हे गणित प्रबंधात द्या, परीक्षक विचारतीलच. ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर (प्रवाहाचं व्होल्टेज करणारं सर्किट) लावला तर ही घट राहत नाही.

स्थिर व्होल्टेजला ओएलईडीचा प्रवाह आपोआप हळूहळू उतरत असतो. म्हणून क्षेत्र चढवत नेऊन सरळ आलेख काढला तर उताराचीच रेघ मिळते. प्रत्येक बिंदू शून्य-क्षेत्र-शून्य असा घ्या. समजा शून्याला ५०.०० मायक्रोअँपिअर, क्षेत्रात ५०.६२, परत शून्याला ४९.८०. दोन शून्यांची सरासरी ४९.९०, बदल ०.७२, म्हणजे १.४४ टक्के. पहिल्याच शून्याशी तुलना केली असती तर १.२४ आले असते. क्षेत्र बदलल्यावर पहिलं सेकंद सोडून द्या, कारण तारांच्या वेटोळ्यात क्षेत्र बदलताना प्रेरित व्होल्टेज येतं. तारा पिळून घ्या म्हणजे ते घटेल. खोलीतला उजेडही प्रकाशप्रवाह उत्पन्न करतो, जाड काळं कापड टाकाच.

खोटा परिणाम कुठून येतो ते आता नीट वाचा. पहिला चोर म्हणजे पोलाद. क्रोकोडाइल क्लिप निकेलच्या मुलाम्याखाली पोलादीच असते, क्षेत्रात ती किंचित हलते आणि संपर्करोध बदलतो. साध्या रोधांच्या टोप्याही बऱ्याचदा पोलादी असतात. हातातला प्रत्येक सुटा भाग चुंबकाला लावून बघा, जो चिकटेल तो डिव्हाइसपासून लांब. संपर्काला फॉस्फर-ब्राँझची पट्टी किंवा बेरिलियम-कॉपरच्या स्प्रिंग पिना वापरा. मग डिव्हाइस काढून त्याच जागी ८२ किलोओमचा रोध बसवा आणि तीच सगळी फेरी काढा. इथे ०.०२ टक्क्यापेक्षा जास्त बदल दिसला तर मांडणी दुरुस्त होईपर्यंत डिव्हाइस लावूच नका.

दुसरा चोर उष्णता, आणि तो ८२ किलोओमच्या चाचणीत सापडत नाही, कारण मेटल-फिल्म रोध तापमानाला जवळपास दाद देत नाही. डिव्हाइस देतं. उड्यांची सक्रियण ऊर्जा (एक उडी मारायला लागणारी ऊर्जा) ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर एका अंशाला प्रवाह ४ टक्क्यांनी वाढतो. ३७ वॉटच्या कॉइलमध्ये अर्धा अंश चढायला फार वेळ लागत नाही आणि तेवढ्यात दोन टक्के "चुंबकीय परिणाम" तयार. यावर उपाय सोपा आहे: दोनपैकी एका कॉइलच्या तारा उलट जोडा. उष्णता तीच, पण मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य. डिव्हाइस बरोबर मध्यावर हवं, कारण तीन अँपिअरला मध्यापासून मिलिमीटरला ०.१७ मिलिटेस्ला क्षेत्र वाढतं. या जोडणीतही प्रवाह बदलत असेल तर तो उष्णतेचा. वेळेवरूनही ओळख पटते: खरा परिणाम तुमच्या मीटरच्या वेगाने येतो, उष्णतेचा मिनिटभर रेंगाळत चढतो आणि रेंगाळतच उतरतो. क्षेत्राची दिशा उलटवली तर दोन्ही तसेच राहतात, त्यामुळे दिशा उलटवून काही सिद्ध होत नाही.

आलेखाच्या आकाराकडे या. बहुतेक डिव्हाइस दोनपैकी एका सूत्रात बसतात. पहिल्यात बदल क्षेत्राच्या वर्गाला, क्षेत्राचा वर्ग अधिक अर्धक्षेत्राचा वर्ग या बेरजेने भागून येतो; अर्धक्षेत्र म्हणजे जिथे या सूत्रात निम्मा परिणाम होतो ते क्षेत्र. दुसऱ्यात क्षेत्र आणि अर्धक्षेत्र यांची आधी बेरीज करून मग तिचा वर्ग छेदात येतो. अर्धक्षेत्र ५ मिलिटेस्ला धरलं तर १० मिलिटेस्लाला पहिलं सूत्र ८० टक्क्यांवर पोचतं, दुसरं ४४ वरच असतं. दुसऱ्याची शेपटी फार लांब, ५० मिलिटेस्लालाही ८३ टक्के. म्हणजे नुसत्या कॉइलवर दोहोंतला फरक खात्रीने कळणार नाही. शेपटीसाठी निओडिमियमची चकती घ्या, २० मिलिमीटर व्यास, १० मिलिमीटर जाडी. साध्या दर्जाची चकती अक्षावर ४० मिलिमीटरला सुमारे ६, २० मिलिमीटरला ३३ आणि १० मिलिमीटरला ११० मिलिटेस्ला देते. लाकडी पट्टीवर खाचा पाडून ती सरकवा, प्रत्येक खाचेचं क्षेत्र सेन्सरने मोजून घ्या. सर्वांत जवळची खाच सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाते, तिथे कॉलेजचा गॉसमीटर लागेल. कॉइलच्या पट्ट्यात शून्य ते ५ मिलिटेस्ला बिंदू दाट ठेवा, अर्ध्या मिलिटेस्लाला एक. एक मिलिटेस्लाच्या आत काही डिव्हाइसमध्ये बदल आधी उलट्या दिशेला जातो आणि मग सुलट. तो भाग मोजायचा तर पृथ्वीचं क्षेत्र, आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला, हिशेबात घ्यावं लागतं.

थर चढवायची सोय झालीच नाही तर ०.९६ इंची निळ्या ओएलईडी डिस्प्लेवर अर्धं काम होतं. त्याचा ड्रायव्हर पिक्सेलला स्थिर प्रवाह देतो, त्यामुळे प्रवाहातला बदल दिसणार नाही. प्रकाशातला बदल मात्र सिलिकॉन फोटोडायोडने शोधता येतो. निळाच घ्या, कारण निळे पदार्थ बहुधा जड अणूंशिवायचे असतात. फोटोडायोड कॉइलबाहेर ठेवून प्लॅस्टिकच्या ऑप्टिकल फायबरने प्रकाश आणा आणि डिस्प्लेच्या जागी साधा निळा एलईडी लावून तीच फेरी पुन्हा काढा.

निकाल मांडताना चिन्ह शब्दांत लिहा: "क्षेत्रात प्रवाह वाढला" किंवा "घटला". कोणी रोधातला बदल देतं, कोणी प्रवाहातला, आणि अधिक-उणे उलटतात. एएलक्यू-३ मध्ये साधारणपणे प्रवाह वाढतो, पण चिन्ह व्होल्टेजवर आणि तापमानावर अवलंबून असतं, म्हणून किमान तीन व्होल्टेजना मोजा: प्रकाश उमटण्याच्या जरा खाली, अगदी वर आणि बराच वर. प्रत्येक आलेखाशेजारी व्होल्टेज, शून्य क्षेत्रातला प्रवाह, पिक्सेलचं क्षेत्रफळ आणि खोलीचं तापमान लिहा, आणि उलट्या जोडणीच्या कॉइलचा आलेख त्याच मापाच्या अक्षांवर त्याखालीच छापा.